दोर पुरंना झाला की

शाळेत कल्पनाप्रधान निबंधाचे काही ठरलेले विषय असायचे. 'मी पंतप्रधान झालो तर', 'परीक्षा नसत्या तर' आणि 'पेट्रोल संपले तर'. तुमच्यापैकी बहुतेकांनी यातला एखादा तरी लिहिला असेल. पेट्रोलच्या निबंधाचा साचाही ठरलेला. एके दिवशी सकाळी पाहतो तर पंपावर 'पेट्रोल नाही' अशी पाटी, रस्त्यावर शुकशुकाट, मग बैलगाड्या परत येणार, हवा शुद्ध होणार आणि शेवटी आईनं हाक मारल्यावर कळणार की हे सगळं स्वप्न होतं. दहापैकी सात मार्क.

या निबंधातला घोटाळा 'एके दिवशी' या दोन शब्दांत आहे. १९८० साली असा हिशोब होता की जगातले सिद्ध तेलसाठे तेव्हाच्या वापराच्या वेगानं साधारण ३० वर्षं पुरतील. म्हणजे २०१० च्या आसपास पंपावर ती पाटी लागायला हवी होती. आज जग तेव्हापेक्षा कितीतरी जास्त, रोज सुमारे १० कोटी बॅरल तेल जाळतं (एक बॅरल म्हणजे साधारण १५९ लिटर), आणि आजचा हिशोब सांगतो की साठे अजून ५० वर्षं पुरतील. इतकी वर्षं उपसूनही डबा भरतच चाललाय, असं वाटावं. पण यात चमत्कार काही नाही. 'सिद्ध साठा' म्हणजे जमिनीतलं सगळं तेल नव्हे. आजच्या तंत्रानं आणि आजच्या भावात काढायला परवडेल तेवढंच तेल त्यात मोजतात. भाव चढला किंवा तंत्र सुधारलं की कालचा दगड आज साठा होतो.

एम. किंग हबर्ट नावाच्या अमेरिकन भूवैज्ञानिकानं १९५६ मध्ये भाकीत केलं होतं की अमेरिकेचं तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठेल आणि मग उतरत जाईल. १९७० मध्ये शिखर आलं आणि पुढे कित्येक वर्षं उतार लागला. हबर्ट देवमाणूस ठरला. मग कंपन्यांनी आडवी भोकं पाडून, पाण्याच्या दाबानं खडक फोडून शेल तेल काढायला सुरुवात केली आणि २०१८ पर्यंत अमेरिकेनं १९७० चा विक्रम मोडला. आपल्या जवळचं उदाहरण मुंबई हायचं. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'नं मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राखाली तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. त्या विहिरी आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. तिथं आजही तेल येतं, पण ऐंशीच्या दशकातला जोर नाही. उरलेलं तेल वर काढायला मदत म्हणून २०२५ च्या जानेवारीत ओएनजीसीनं बीपी या परदेशी कंपनीला तंत्रसाहाय्यासाठी निवडलं. तेल आहे, पण काढायला जास्त डोकं, जास्त पैसा आणि जास्त वीज लागते.

त्यामुळे 'तेल संपलं तर तेलावर जगणाऱ्या देशांचं काय होईल' हा प्रश्न मला जरा वेगळा विचारावासा वाटतो. तेल तिथंच असेल, पण ते काढणं किंवा विकणं परवडेनासं होईल, तेव्हा काय होईल? या प्रश्नाचं उत्तर शोधायला सौदी अरेबियाला जायची गरज मला पडली नाही. मी बदनापूर तालुक्यातला आहे. आमच्याकडे मोसंबी आहे.

*

जालना–औरंगाबाद रस्त्यावरून किंवा मनमाडकडून येणाऱ्या रेल्वेनं तुम्ही गेला असाल तर बदनापूर तुमच्या खिडकीतून गेलेलं असेल. बाहेरच्यांना आमच्या गावाचं नाव माहीत असतं ते तुरीमुळे. इथल्या कृषी संशोधन केंद्रातून 'बीडीएन' नावानं तुरीचे वाण निघतात, त्यातला 'बीडीएन ७११' राज्यभर पेरला जातो. पण तालुक्यात पैसा फिरला तो मोसंबीवर. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही आहे. बागेचा सौदा व्यापाऱ्याशी उक्ता ठरायचा, ट्रक भरून माल जायचा आणि त्या पैशावर लग्नं, स्लॅबची घरं, मोटारसायकली आणि पोरांची शिक्षणं व्हायची. आमच्या भागात श्रीमंती एकरात मोजत नसत. बाग आहे का आणि विहिरीला पाणी किती, एवढंच विचारत.

मोसंबीला पाणी जपून लागतं, पण वर्षभर लागतं. ज्वारी-तुरीचं तसं नाही. पाऊस गेला तर तो एक हंगाम जातो, पुढच्या वर्षी नवी पेरणी. मोसंबीच्या बाबतीत एक उन्हाळा चुकला तर दहा-पंधरा वर्षांचं झाड जातं. आणि जालन्याचा पाऊस सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तोही येईल तेव्हा येईल. म्हणजे आमची सगळी बागायत जमिनीखालच्या पाण्यावर उभी. आमचं तेल म्हणजे हे पाणी.

आजोबांच्या काळातली आमची विहीर सात परस होती. ज्यांना परस माहीत नाही त्यांच्यासाठी: हात वर करून उभ्या माणसाची उंची म्हणजे एक परस, विहिरीची खोली आमच्याकडे त्यातच सांगतात. तिच्यावर आधी मोट होती, मग डिझेल इंजिन, मग विजेची मोटर. १९९४ मध्ये आप्पांनी तीन एकरांत मोसंबी लावली. बाग लागली, मोटर रोज चालू लागली आणि विहीर हळूहळू उन्हाळ्यात कोरडी पडायला लागली. मग विहिरीचं तळ फोडून आणखी दोन परस खाली गेले. २००३ मध्ये पहिला बोअर, २०० फूट. २०१२ मध्ये दुसरा, ४२० फूट. २०१८ मध्ये तिसरा, ६५० फूट. पहिल्या बोअरला दोन इंच पाणी लागलं होतं, तिसऱ्याला पाऊण इंच.

लहानपणी मी आप्पांना एकदा विचारलं होतं, "विहिरीतलं पाणी संपलं का?" ते म्हणाले, "पाणी सरत नसतं बाबू. ते खाली जातं. आपला दोर पुरंना झाला की आपुन म्हन्तो, सरलं."

अर्थशास्त्रज्ञ सिद्ध साठ्यांची जी व्याख्या करतात, ती आप्पांनी एका वाक्यात केली होती. फरक इतकाच की मराठवाड्याचा खडक तेलाच्या खडकाइतका उदार नाही. आमच्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बसाल्ट आहे. वाळूसारखं सगळीकडे पाणी धरून ठेवणारा हा दगड नाही. वरच्या मुरमाच्या थरात आणि दगडाच्या भेगांत मिळून जे थोडं पाणी मावतं, तेवढंच. जितकं खाली जावं तितक्या भेगा कमी. तरी बोअरची गाडी येते. या गाड्या बहुतेक तमिळनाडूच्या, बॉडीवर तमिळ अक्षरं. गाडीवाल्याचा दर फुटावर असतो आणि ठरावीक खोलीनंतर तो दरही चढतो. म्हणजे खालचं पाणी कमी आणि महाग, दोन्ही. वर ते उचलायला मोठी मोटर, जास्त वीज. सौदी अरेबियाला वाळवंटातून एक बॅरल काढायला काही डॉलर लागतात, कॅनडाला डांबरट वाळूतून तेल सोडवून घ्यायला त्याच्या कित्येक पट. आमच्या तीन बोअरमध्येही हीच गोष्ट आहे, फक्त एका शेतात.

*

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सर्व्हरवर ताण आला की तो लगेच बंद पडत नाही. आधी हळू होतो. मग ज्यांचं इंटरनेट कमजोर आहे त्यांचं पान उघडेनासं होतं. ज्यांचं चांगलं आहे त्यांना बराच वेळ काही कळतही नाही. पाण्याचं तसंच झालं. आमच्या ओढ्याच्या काठावर सात जणांची शेतं आहेत. विहिरी आटल्या तेव्हा ज्याच्याकडे बोअरचे पैसे नव्हते तो पहिला बाहेर पडला. त्यानं बाग काढून कापूस लावला. दुसऱ्यानं दोनदा बोअर घेतला, दोन्ही वेळा फुफाटा उडाला, त्यानं जमीन बटईनं दिली आणि वाळूजला कंपनीत लागला. पाणी तेव्हाही होतंच. उरलेल्या पाच जणांच्या दोरापुरतं होतं.

२०१२ मध्ये पाऊस रुसला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात जालना जिल्हा दुष्काळाच्या बातम्यांत रोज होता. तेव्हा दोर कोणाचेच पुरले नाहीत. आम्ही टँकर विकत घेऊन बुंध्याला बादली-बादली पाणी घातलं, बहार झटकून टाकला, फांद्या छाटल्या. झाड जगवायचं, फळ नको, इतकंच. मे महिन्यात पानं गळाली. जूनमध्ये जेसीबी आला आणि एकोणीस वर्षांची तीनशेच्यावर झाडं दोन दिवसांत उपटली. लाकडं सरपणाला गेली. मी तेव्हा बारावीत जाणार होतो. पुढे तेलाच्या देशांबद्दल वाचताना मला प्रत्येक वेळी तो जेसीबी आठवतो, कारण 'अर्थव्यवस्था कोसळली' हे वाक्य मी पाहिलं होतं.

*

ज्या देशांचा दोर पुरला नाही, त्यांच्याकडे आता बघू.

खजिना खरोखर तळाला गेला, असं उदाहरण जगात शोधावंच लागतं. ते आहे नाऊरूचं. पॅसिफिक महासागरातलं २१ चौरस किलोमीटरचं बेट, बदनापूर तालुक्यातल्या एखाद-दोन गावांच्या शिवाराएवढं. तिथं तेल नव्हतं, फॉस्फेट होतं, खतात लागणारं. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात जगातल्या अगदी वरच्या देशांत बसला. त्यांनी विमान कंपनी काढली, मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत बांधली, १९९३ मध्ये लंडनमध्ये एका संगीतनाटकावर पैसे लावले, ते पडलं. फॉस्फेट संपत आलं तेव्हा भविष्यासाठी बाजूला ठेवलेला निधीही विरघळला होता. २००४ मध्ये ती इमारत विकावी लागली. बेटाचा मधला भाग खणून खणून दगडांच्या सुळक्यांचा झालाय, तिथं काही पिकत नाही. २००१ पासून ऑस्ट्रेलियाकडे आसरा मागायला येणाऱ्यांना डांबून ठेवायची जागा म्हणून हा देश पैसे कमावू लागला.

व्हेनेझुएला याच्या उलट. जगातला सर्वांत मोठा सिद्ध तेलसाठा, सुमारे ३०० अब्ज बॅरल, त्यांच्याकडे आहे. तो संपायचं नावही नाही. तरी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रोज ३० लाख बॅरलच्या पुढे असलेलं उत्पादन २०२० मध्ये एकदा पाच लाखांच्याही खाली गेलं. महागाईनं नोटा रद्दी झाल्या आणि ७० लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली. निर्यातीतून येणारा जवळजवळ सगळा पैसा तेलाचा होता. तेव्हा भाव पडला, तेल कंपनीची देखभाल थांबली, निर्बंध आले आणि शेती-कारखाने आधीच मागे पडलेले होते. विहिरीला पाणी असून मोटर जळावी, तसं.

तिसरा प्रकार मला सर्वांत विचार करायला लावतो. तेल सापडण्याआधी बहरीन, कुवेत, दुबई कशावर जगत होते? मोत्यांवर. उन्हाळ्यात गडी होड्या घेऊन निघायचे, नाकाला चिमटा लावून बुड्या मारायचे आणि ते मोती विकायला मुंबईला यायचे. मुंबई ही त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती. आखातात पुढे साठच्या दशकापर्यंत भारतीय रुपया चालायचा. मोती संपले नव्हते. १९२० च्या दशकात जपानमध्ये मिकिमोतोनं शिंपल्यात मोती पिकवून बाजारात आणले, त्यात १९२९ ची जागतिक मंदी आली आणि आखाताचा धंदा बसला. समुद्राच्या तळाशी शिंपले होते, घेणारा नव्हता. १९३२ मध्ये बहरीनला तेल लागलं नसतं, तर ती गोष्ट नाऊरूसारखी झाली असती.

तेलाचंही उद्या मोत्यांसारखंच होईल, अशी बरीच शक्यता आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर इलेक्ट्रिक स्कूटर दिसतात, छतावर सोलर. २० एप्रिल २०२० ला, लॉकडाऊनमध्ये, अमेरिकेतल्या तेलाच्या वायद्याचा भाव उणे ३७ डॉलरपर्यंत गेला होता. म्हणजे विकणारा म्हणत होता, पैसे घे पण माल ने. भाव पडल्यावर रस्त्याच्या कडेला मोसंबीचे ढीग ओतलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

असं झालं तर कोण तगेल? फक्त स्वस्तात काढणारा तगेल, असं नाही. सौदीचं तेल स्वस्तात निघतं, पण पगार, अनुदानं, बांधकामं यांसकट सरकारचं अंदाजपत्रक जुळायला तेलाचा भाव बॅरलला ९० डॉलरच्या आसपास लागतो, असा अंदाज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं अलीकडे मांडला होता. २०१६ मध्ये त्यांनी 'व्हिजन २०३०' काढलं ते हे ओळखूनच. दुबईनं हे कधीच ओळखलं होतं. तिथं तेल मुळात कमी. त्यांनी तेलाच्या पैशातून १९७९ मध्ये जेबेल अली बंदर उभं केलं, पुढे विमानसेवा, व्यापार. आज दुबईच्या उत्पन्नात तेलाचा वाटा अगदी किरकोळ आहे. कुवेतनं १९५३ मध्येच लंडनमध्ये गुंतवणूक मंडळ काढलं. १९९० मध्ये इराकनं देश गिळला तेव्हा परदेशात बसलेलं सरकार त्या बाजूला ठेवलेल्या पैशावर तगलं.

नॉर्वेची गोष्ट तर पाठच झाली आहे. १९६९ मध्ये उत्तर समुद्रात तेल लागलं, १९९० मध्ये तेलनिधीचा कायदा झाला. आज त्या निधीत दीड लाख कोटी डॉलरहून जास्त रक्कम आहे आणि माणसं ५५ लाखांच्या आसपास. पण मला रकमेपेक्षा त्यांचा नियम आवडतो. दर वर्षी निधीच्या अपेक्षित परताव्याएवढंच खर्चायचं. तो आधी ४ टक्के धरला होता, २०१७ मध्ये ३ टक्क्यांवर आणला. मुद्दलाला हात नाही. जॉन हार्टविक या कॅनडातल्या अर्थशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये याचं गणित मांडलं होतं. जमिनीतून जे काढून विकता त्याची कमाई खाऊ नका, ती दुसऱ्या टिकाऊ भांडवलात घाला, म्हणजे जमीन रिकामी झाली तरी पुढची पिढी रिकामी होत नाही.

*

आमच्या घरात हार्टविक कोणी वाचला नव्हता. पण आईचा एक नियम होता. बागेचा सौदा झाला की पैसे घरात यायच्या आधी ती त्यातला एक हिस्सा मागून घ्यायची. आप्पांचा त्याला दर वर्षी विरोध असायचा, कारण त्यांना तेच पैसे पाइपलाइनला, नव्या बोअरला, भावकीतल्या लग्नाला हवे असायचे. २००५ च्या मोसंबीच्या पैशातून आईनं पोस्टातून किसान विकास पत्रं घेतली. तेव्हा त्यात पैसे ८ वर्षं ७ महिन्यांत दुप्पट होत. ती पत्रं पिकली २०१४ च्या उन्हाळ्यात. बाग जाऊन वर्ष झालं होतं आणि मला इंजिनिअरिंगला ॲडमिशन घ्यायची होती.

म्हणजे माझी डिग्री हे खरं तर जमिनीखालचं पाणी आहे. काही हजार वेळा मोटर चालू झाली, पाणी वर आलं, त्याची मोसंबी झाली, मोसंबीचं कागदी पत्र झालं आणि पत्राचा मी झालो. हार्टविकच्या नियमानं पाहिलं तर आमचं घर नॉर्वेच्या गटात जातं. पण दोन गोष्टी या हिशोबात बसत नाहीत.

एक, हे भांडवल बदनापूरला राहिलं नाही. मी पुण्यात भाडं भरतो, पुण्यात जेवतो, कर भरतो. ओढ्याकाठच्या सात घरांतून पाच पोरं बाहेर पडली. जालना शहराचं तसं झालं नाही. तिथं १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको काढली आणि बियाण्यांचा उद्योग उभा राहिला. भंगार वितळवून सळ्या बनवणारे लोखंडाचे कारखानेही तिथं आहेत. शहर एका पायावर उभं नाही. आमच्या शिवारात मात्र पाण्याचा पैसा बाहेर गेला आणि पाणीही गेलं.

दुसरी गोष्ट त्रास देणारी आहे. आमचं घर मोसंबीवरून उतरलं आणि माझ्या पगारावर बसलं. आप्पांच्या औषधापासून मजुरांच्या हजेरीपर्यंत सगळं महिन्याच्या एक तारखेला येतं. घरातलं तेल आता मी आहे. आणि सध्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कोणालाही विचारा, मिकिमोतोचा मोती म्हणजे काय ते तो सांगेल. मी चार वर्षांपूर्वी जे काम दोन दिवसांत करायचो, ते आता मशीन चहा होईपर्यंत लिहून देतं. म्हणून आईचा नियम मी माझ्या पगाराला लावून घेतलाय. घरी जे पैसे पाठवतो त्यातला तिसरा हिस्सा तिच्या खात्यात जातो आणि तो कशाला वापरायचा हे तीच ठरवते.

*

गेल्या एप्रिलमध्ये आप्पांचा फोन आला. चौथा बोअर घ्यायचा म्हणत होते, ९०० फूट. २०१४ नंतर पुन्हा लावलेली दोनशे झाडं आहेत, ऐन फळावर आलेली. पैसे मला द्यायचे होते. मी नाही म्हणालो नाही. मी गावी गेलो.

तिसऱ्या बोअरची मोटर किती वेळ चालली की पाणी तुटतं, हे आप्पा कॅलेंडरवर लिहून ठेवत होते. २०१९ च्या मार्चमध्ये तीन तास दहा मिनिटं. यंदाच्या मार्चमध्ये पन्नास मिनिटं. मी ते सगळे आकडे फोनवर टाकून एक साधा आलेख काढला. आई म्हणाली, "नऊशेला लागलं, तर किती वर्षं पुरंन?" आप्पा गप्प बसले. मग म्हणाले, "आपुन नाही घेतला तर शेजारचा घेईन. पाणी त्याच्या बोअरात जाईन. आपली झाडं वाळतेन आन् त्याची जगतेन."

नॉर्वेच्या गोष्टीत ही अडचण नाही. तिथलं तेल एकाच मालकाचं, सरकारचं. आमच्या ओढ्याखालचं पाणी ज्याच्याकडे मोटर आहे त्या प्रत्येकाचं आहे, म्हणून एकाची काटकसर दुसऱ्याची कमाई होते. इराक आणि कुवेतच्या सरहद्दीवर रुमैला नावाचं तेलक्षेत्र दोघांत विभागलेलं आहे. कुवेत आपल्या वाट्याचं तेल चोरतंय असा आरोप इराकनं केला आणि इतर कारणांसोबत तेही कारण पुढे करून २ ऑगस्ट १९९० ला सैन्य घुसवलं. त्या युद्धात सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानानं परत आणावं लागलं. सामाईक विहीर किती लांबपर्यंत भांडण नेऊ शकते, हे त्यावरून कळतं.

कायदा आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटर, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींवर बंधनाची तरतूद आहे. दोनशे फूट म्हणजे आमचा २००३ चा पहिला बोअर. त्याखाली सगळा तालुका गेलेला आहे. पण कायद्यापेक्षा गावानं ठरवलेलं जास्त चालतं, अशी उदाहरणं आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात शेतीला बोअरचं पाणी घ्यायला बंदी आहे. तिथं पाऊस मोजतात, पाण्याचं अंदाजपत्रक मांडतात आणि त्यावर कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवतात. आमच्याच जिल्ह्यातल्या कडवंचीनं १९९६ पासून माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचं काम केलं आणि २०१२ च्या दुष्काळातही तिथल्या द्राक्षबागा उभ्या राहिल्या. नॉर्वे जे ५५ लाख लोकांत करतं, ते या गावांनी चावडीवर केलं: यंदा जेवढं आलं, तेवढंच खर्चायचं.

आमचं गाव तेवढं एकदिलाचं नाही. पण ओढ्याकाठची सात घरं तर आहेत. आप्पांनीच निरोप धाडले. आमच्या पडवीत बैठक झाली, दोन तास नुसतं जुनं भांडण निघालं, कोणाच्या बोअरनं कोणाची विहीर आटली त्याचं. मग मी फोनवरचा आलेख दाखवला. आलेखापेक्षा आप्पांच्या कॅलेंडरचा परिणाम जास्त झाला, कारण ते अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं होतं. असं ठरलं की पुढची दोन वर्षं कोणी नवा बोअर घेणार नाही, ओढ्यावरचे जुने दोन बांध सगळे मिळून दुरुस्त करतील आणि दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक जण आपली मोटर किती मिनिटं चालली ते सांगेल.

आमची दोनशेपैकी ऐंशी झाडं ठेवली. शेततळ्यात पावसाचं जे साठेल, त्यावर तेवढी निघतात. बाकीची एकशे वीस काढली, यावेळी जेसीबी नाही आणला, आप्पांनी कुऱ्हाडीनं एक एक तोडली, आठ दिवस लागले. त्या जागी बीडीएन ७११ पेरली. मोसंबीच्या मानानं तुरीचे पैसे निम्मेही होणार नाहीत. ते आप्पांना माहीत आहे आणि मलाही.

ठरलेलं सगळं शंभर पानी वहीत लिहिलंय. त्यावर पाच सह्या आणि एक अंगठा आहे. सातव्यानं सही केली नाही, त्यानं बैठकीच्या आधीच्या आठवड्यात ८५० फुटांचा बोअर घेतला होता आणि त्याला इंचभर पाणी लागलंय. तो बैठकीला मात्र आला होता, शेवटपर्यंत बसला, आणि जाताना आईला म्हणाला, मिनिटं मी पण सांगत जाईन. वही आईकडे असते. एक तारखेला ती मला फोनवर सात आकडे सांगते.